सरांच्या लेखाची तीन पानं : आमच्या ट्रेक मंडळातलं एक प्रकरण

हे प्रकरण २०२३ च्या दिवाळीचं आहे. यातली माणसं खरी आहेत, नावं मात्र कुणाचीच टाकलेली नाहीत, एकदोन ओळखीच्या खुणाही बदलल्यात. लिहितोय अशासाठी की अशी मंडळं आता बऱ्याच गावात आहेत, कुणी जुन्या गाण्यांची, कुणी नाटकवाली, कुणी आमच्यासारखी स्टार ट्रेकसारख्या एका मालिकेच्या मागं लागलेली, आणि सगळीकडं एक ना एक दिवस हाच वाद उभा राहतो की आपण जिच्यावर जीव लावला ती गोष्ट आता आपली राहिलीय का. आमच्याकडं तो वाद आला तेव्हा अंकाचा संपादक मी होतो आणि माझ्याकडून एक मोठी चूक झाली.

पार्श्वभूमी

आम्ही सांगलीचे. महिन्याच्या तिसऱ्या रविवारी विश्रामबागला एकाच्या घरी चौदा-पंधरा जण जमतो, स्टार ट्रेकचा एखादा भाग बघतो आणि मग भडंग-चहावर रात्री उशिरापर्यंत त्याच्यावर बोलत बसतो. मेडिकलवाले आहेत, एक बँकेतली ताई आहे जी दरवर्षी राज्य नाट्य स्पर्धेत काम करते, इंजिनिअरिंगची पोरं आहेत, कॉलेजच्या दोन मुली होत्या. २०१४ पासून दिवाळीला आम्ही एक छोटा अंक काढतो. ४८ पानं, म्हणजे तीन फर्मे, १५० प्रती, खणभागातल्या एका प्रेसमध्ये छापून घेतो. जाहिराती मेडिकलवाले गोळा करतात, बाकीचे पैसे आम्ही वर्गणी काढून घालतो.

ज्यांना मालिका माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. स्टार ट्रेक म्हणजे अंतराळात फिरणाऱ्या एका जहाजाची आणि त्यावरच्या माणसांची गोष्ट. ८ सप्टेंबर १९६६ ला अमेरिकेत पहिला भाग लागला, तीन वर्षं चालली, ७९ भाग झाले. दुसऱ्या वर्षीच बंद पडणार अशी हवा झाली तेव्हा चाहत्यांनी वाहिनीला पत्रांचा पाऊस पाडला म्हणून तिसरं वर्ष मिळालं. मग १९८७ ला नेक्स्ट जनरेशन आली, १९९३ ला डीप स्पेस नाइन, १९९५ ला व्हॉयेजर, २००१ ला एन्टरप्राइझ, मध्ये सिनेमे, मग बराच काळ टीव्हीवर काहीच नाही, आणि २०१७ ला डिस्कव्हरी. तिथून पुढं दरवर्षी काही ना काही येतच राहिलं.

आमच्या मंडळाचा कणा म्हणजे सर. भौतिकशास्त्र शिकवायचे, आता रिटायर झालेत. ८० च्या दशकात रविवारी सकाळी दूरदर्शनवर जुनी मालिका लागायची ती त्यांनी पुण्यात होस्टेलवर असताना बघितली, मेसमधल्या टीव्हीपुढं सतरंजीवर बसून, आणि तिथून त्यांना हा नाद लागला. वर्गात गुरुत्वाकर्षण शिकवताना ते मालिकेतल्या एन्टरप्राइझ जहाजाचं उदाहरण द्यायचे, आमच्यातले तिघं त्यांचेच विद्यार्थी आहेत. २०१९ च्या ऑगस्टमध्ये कृष्णेचा पूर आला तेव्हा सरांच्या घरात पहिल्या मजल्याच्या निम्म्यापर्यंत पाणी होतं. पाणी उतरल्यावर आम्ही साफसफाईला गेलो तर पुस्तकांचा लगदा झालेला, आणि डीव्हीडीचे डबे उघडले की आतनं चॉकलेटी पाणी गळायचं. त्या डिस्क आम्ही बादलीत साध्या पाण्यानं एकेक धुऊन गच्चीवर दोरीला चिमटे लावून वाळवल्या. साठेक डिस्क होत्या, त्यातल्या विसाच्या आसपास चालल्या. मधल्या भोकाभोवती गाळाची एक बारीक तपकिरी रेघ आजही त्यांच्यावर आहे, ती काही केल्या निघत नाही. हे सांगतोय कारण या माणसाचं या मालिकेशी काय नातं आहे ते कळल्याशिवाय पुढचं कळणार नाही.

वाद नेमका कशावर होता

वरवर बघितलं तर नवीन चांगलं की जुनं चांगलं एवढाच वाद वाटतो. पण आमच्या बैठकीत दोन वर्षं तो ऐकून माझ्या लक्षात आलं की त्यात तीन वेगवेगळी भांडणं एकात एक गुंतलीत, आणि आम्ही ती कधी सोडवून वेगळी केलीच नाहीत.

पहिलं म्हणजे दिसण्याचं. डिस्कव्हरीत क्लिंगॉन या परग्रहावरच्या लोकांचा चेहराच बदलला, केस काढले, डोकी लांबट केली, बऱ्याच जणांना ते सहनच झालं नाही. हे भांडण मला फारसं पटत नाही कारण क्लिंगॉन याआधी पण बदललेत, १९६६ च्या मालिकेत त्यांची कपाळं आपल्यासारखी सपाट होती आणि १९७९ च्या सिनेमात एकदम कपाळावर हाडांच्या वळ्या आल्या, कुणी काही कारणच दिलं नाही. कारण मिळालं थेट २००५ ला, एन्टरप्राइझच्या शेवटच्या वर्षात. म्हणजे पंचवीस वर्षांहून जास्त काळ चाहते ते तसंच पोटात घेऊन बसले होते.

दुसरं भांडण रचनेचं, आणि इथं सरांचं म्हणणं खरंच वजनदार आहे. जुन्या मालिकेत एक प्रश्न एका भागात उभा राहायचा आणि त्याच तासात त्याची तड लागायची. नेक्स्ट जनरेशनचं एक वर्ष म्हणजे साधारण २६ भाग, त्यात चार फसले तरी बावीस उरायचे, लेखकाला चुकायची मुभा होती. आता एका वर्षात दहा-तेरा भाग आणि बहुतेक वेळा सगळे मिळून एकच गोष्ट, म्हणजे पाया चुकला की वर्षच गेलं. सर म्हणायचे, "पूर्वी एखादा प्रश्न टेबलावर ठेवून माणसं बसायची, दोन्हीकडनं बोलायची. आता दर भागात विश्व बुडतंय, बोलायला वेळ कुणाला आहे?"

तिसरं भांडण सगळ्यात नाजूक, भावनेचं. डिस्कव्हरीची नायिका मायकल बर्नहम, ती रडते, तिच्या भोवतीचे लोकही मोकळेपणानं रडतात, एकमेकांना काय वाटतंय ते सांगतात. सरांना ते स्टारफ्लीटच्या, म्हणजे मालिकेतल्या अंतराळदलाच्या, शिस्तीत बसणारं वाटायचं नाही. कॉलेजच्या मुलींचं म्हणणं की सरांना बाईनं जहाज चालवलेलंच खुपतंय. ही गोष्ट त्यांनी तोंडावर म्हटली नाही, पाठीमागं म्हटली, आणि मला ती कळली होती.

या तिन्ही भांडणांत अजून एक गोष्ट होती, मालकीची. सर म्हणायचे, चाहत्यांनी पत्रं लिहिली म्हणून ही मालिका जगली, मग आमचा शब्द कुणी ऐकायचा की नाही? त्यावर दोन मुलींतली थोरली एकदा म्हणाली, "सर, त्या पत्रात बंद करू नका एवढंच होतं ना, असं लिहा तसं लिहा असं नव्हतं." त्या दिवशी सर बराच वेळ गप्प बसले होते. मला अजून वाटतं की अख्ख्या वादातलं सगळ्यात नेमकं वाक्य तेच होतं आणि आम्ही त्याच्यावर पुढं बोलायला पाहिजे होतं. पण तेवढ्यात कुणीतरी चहाचं काढलं आणि विषय मोडला.

ठिणगी : गाण्यांचा भाग

ऑगस्ट २०२३ मध्ये स्ट्रेंज न्यू वर्ल्ड्स या नव्या मालिकेचा एक भाग आला ज्यात सगळं जहाज गाणी म्हणतं. म्हणजे कथेतच एक गडबड होते आणि माणसांच्या मनातलं जे आहे ते त्यांच्या तोंडून गाण्यातून बाहेर पडायला लागतं, लपवायचं म्हटलं तरी लपवता येत नाही. आम्ही तो ऑगस्टच्या बैठकीत बघितला. सर दहाव्या मिनिटाला उठून गॅलरीत जाऊन उभे राहिले. परत आले आणि म्हणाले, "दहा भाग मिळतात वर्षाला. त्यातला एक यांनी गाण्यावर घालवला."

यावर बँकेतली ताई जी काही बोलली ते ऐकण्यासारखं होतं. ती म्हणाली, "सर, तुम्ही सांगलीचे असून असं म्हणता? १८४३ ला विष्णुदास भाव्यांनी इथं सीतास्वयंवर केलं तेव्हा गाणं सगळं सूत्रधार म्हणायचा आणि नटं आयत्या वेळी सुचेल ते बोलायची. किर्लोस्करांनी १८८० ला शाकुंतल केलं आणि पात्रंच स्वतः गायला लागली. मग देवलांनी, आपल्या हरिपूरच्या, १८९९ ला शारदा आणली, देवादिकांच्या जागी घरातला प्रश्न आला, म्हातारा नवरा आणि कोवळी पोर. दर वेळी रचना बदलली, आतला जीव राहिला. जे बोलता येत नाही ते पदात येतं, त्या भागात तेच तर केलंय."

सर म्हणाले, "शारदेतलं पद काढलं तर शारदा उभी राहत नाही. या भागातली गाणी काढली तर काय बिघडतंय सांग." ताई म्हणाली, "स्पॉक, जो एरवी भावना दाखवतच नाही, त्याचं गाणं काढून बघा, मग तो आतून तुटलाय हे कळणारच नाही कुणाला." रात्रीचे साडेअकरा वाजले होते आणि दोघं चप्पल घालून जिन्यात उभं राहून बोलत होते. मला त्या क्षणी वाटलं की हे सगळं अंकात यायला पाहिजे. मीच सरांना म्हटलं, लिहा. हे मुद्दाम नोंदवून ठेवतो, लेख मी मागितला होता.

लेख आला तेव्हा

सप्टेंबरच्या शेवटी लेख आला, हातानं लिहिलेला. डीटीपी केल्यावर ११ पानं भरला. अंकात आम्ही कुणालाच सहाच्या वर देत नाही. लेखात रचनेबद्दलचा भाग फार सुंदर होता, २६ आणि १० भागांचा हिशोब, जुन्या मालिकेतले प्रसंग, सगळं मुद्देसूद. पण मध्ये तीन पानं अशी होती की वाचून मला घाम फुटला. त्यात नवीन मालिका आवडणाऱ्यांनी "अभ्यास न करता परीक्षेला बसल्यासारखं" केलंय असं एक वाक्य होतं, बर्नहमच्या रडण्यावर एक पूर्ण परिच्छेद होता, आणि डिस्कव्हरीच्या तिसऱ्या वर्षातल्या त्या मोठ्या स्फोटावर कडक टीका होती. ज्यांना माहीत नाही त्यांना सांगतो, त्या वर्षात असं दाखवलंय की सगळ्या दीर्घिकेत जहाजांच्या इंजिनांना लागणारं खनिज एका क्षणी निकामी झालं, लाखो माणसं मेली, आणि शेवटी कळतं की आई गेल्यावर एका एकट्या पोरानं फोडलेल्या हंबरड्यामुळं ते झालं. सरांनी लिहिलं होतं की भौतिकशास्त्र वाकवलं म्हणून मी चिडलेलो नाही, ट्रेकमध्ये ते कायम वाकवतातच, पण एवढ्या मोठ्या संकटाचं कारण असं काढलं की ज्याच्यावर माणसांना वादच घालता येत नाही.

त्याच तीन पानात अजूनही काही होतं, ते मी नंतर सांगतो, कारण मीही ते नंतरच नीट वाचलं.

पुढं काय पर्याय होते

एक, लेख जसाच्या तसा छापायचा. त्यासाठी पानं वाढवावी लागणार, म्हणजे आणखी अर्धा फर्मा, खर्च वाढणार, आणि दोन मुली नक्की दुखावणार. दुसरा, लेख परत द्यायचा, पुढच्या वर्षी बघू म्हणायचं, हे तर मला तोंडातून काढणंच शक्य नव्हतं. तिसरा, लेख पूर्ण छापायचा आणि शेजारी ताईचं किंवा त्या थोरल्या मुलीचं उत्तर छापायचं. चौथा मेडिकलवाल्यांनी सुचवला, की या वर्षी नवीन मालिकांचा विषयच अंकात नको, फक्त जुन्यावर लिहू, वाद कशाला. मंडळातल्या निम्म्या लोकांना हाच बरा वाटत होता.

तिसरा पर्याय चांगला आहे हे मला तेव्हाही दिसत होतं. पण उत्तर लिहायला ताईला दहा दिवस पाहिजे होते, तिची स्पर्धेची तालीम चालू होती, प्रेसवाल्यांनी दिवाळीच्या कामाची गर्दी सांगितली होती, आणि मला मनातून वाटत होतं की उत्तर आलं की प्रत्युत्तर येणार आणि अंकाचं रणांगण होणार. म्हणून मी पाचवा मार्ग काढला जो कुणाशीच बोललो नाही. ती तीन पानं मी काढून टाकली. ११ ची ८ झाली, सांधे जुळवले, प्रूफ प्रेसला पाठवलं. स्वतःला सांगितलं की पानांचा प्रश्न आहे. पानांचा प्रश्न होताच, पण तो माझ्या कामाला आला एवढंच.

घटस्थापनेचा रविवार

१५ ऑक्टोबरला बैठक होती. मी प्रूफं टेबलावर ठेवली होती. सरांनी चष्मा काढून रुमालानं पुसला आणि स्वतःचा लेख काढून वाचायला लागले. सहाव्या पानावर आले तेव्हा एक पान पुढं उलटलं, परत मागं आले, परत पुढं गेले. मग सगळी पानं टेबलावर ठोकून नीट केली, टाचणी लावली आणि माझ्याकडं सरकवली. म्हणाले, "हा माझा लेख नाही. माझं नाव काढ त्याच्यावरचं." आवाज अजिबात चढला नव्हता. चहा न घेता गेले.

पाठोपाठ धाकटी मुलगी माझ्याकडं आली, तिनंही ते प्रूफ वाचलं होतं, आणि ती म्हणाली, "दादा, सरांनी बाईच्या विरोधात एवढं लिहिलंय आणि तुम्ही ते छापताय?" मला कळेचना. मी तर तेच कापलं होतं. रात्री घरी गेलो आणि मूळ हस्तलिखित आणि प्रूफ शेजारी शेजारी ठेवून वाचलं, तेव्हा माझ्या पायाखालची जमीन सरकली.

त्या तीन पानात, रडण्याच्या परिच्छेदाच्या लगेच पुढं, सरांनी दीड पान व्हॉयेजरच्या कॅप्टन जेनवेवर लिहिलं होतं. की १९९५ ला त्यांनी तिला पहिल्यांदा बघितलं तेव्हा त्यांना त्यांच्या आईची आठवण झाली, घर हजारो मैलांवर आणि सगळी जबाबदारी एकटीवर, आणि ती कोलमडून पडते तीही दार बंद करून. त्याच्यापुढं जुन्या मालिकेतल्या उहुराबद्दल होतं, की १९६६ साली कृष्णवर्णीय बाई जहाजाच्या मुख्य खोलीत अधिकारी म्हणून बसलेली दाखवणं ही केवढी गोष्ट होती. म्हणजे बाईनं जहाज चालवावं का हा त्यांचा प्रश्नच नव्हता, दुःख कसं दाखवावं हा होता. आणि मी परिच्छेद कापले पण आधीच्या पानावर "ही कॅप्टन आमची वाटत नाही" असं एक वाक्य राहून गेलं होतं. त्याचं कारण पुढच्या तीन पानात होतं आणि ती पानं माझ्या ड्रॉवरमध्ये. भांडण टळावं म्हणून मी कापलं आणि कापल्यामुळं लेख होता त्याच्यापेक्षा जास्त विखारी झाला.

मग काय केलं

सोमवारी सकाळी प्रेसवर गेलो. प्रेसवाले म्हणाले, "दादा, पयल्या फर्म्याची प्लेट झालीया, दुसऱ्याची दुपारी काढणार." सरांचा लेख दुसऱ्यात होता. म्हटलं थांबवा. मग सरांच्या घरी गेलो. सर अंगणात तुळशीला पाणी घालत होते. मी जे केलं ते सांगितलं, पानांचं कारण सांगितलं नाही. सर म्हणाले, "मला विचारलं असतंस तर मीच काढलं असतं ते अभ्यासाचं वाक्य. ते मला लिहितानाच खटकलं होतं." एवढंच बोलले. बाकी सगळं परत छापायचं ठरलं, ते एक वाक्य सोडून, आणि ते त्यांनी स्वतः काढलं.

ताईला विचारलं, तिनं तालमी सांभाळून सहा दिवसांत चार पानांचं उत्तर दिलं. दोघांना एकच अट घातली की जे म्हणायचं ते एखाद्या भागावर बोट ठेवून म्हणायचं, "हल्लीचं सगळं" आणि "पूर्वीचं सगळं" हे शब्द चालणार नाहीत. लेखाची ११ आणि उत्तराची ४, म्हणजे ८ च्या जागी १५ पानं, अर्धा फर्मा वाढवला, अंक ५६ पानांचा झाला. जादा खर्च मी आणि मेडिकलवाल्यांनी निम्मा निम्मा केला.

तिसरी गोष्ट अशी केली की २९ ऑक्टोबरला एक जादा बैठक ठेवली आणि दोन भाग लागोपाठ बघायचे ठरवले. एक सरांनी निवडायचा, एक त्या दोन मुलींनी. कुणी कुणाला आधी सांगायचं नाही. सरांनी १९८९ चा नेक्स्ट जनरेशनचा तो कोर्टाचा भाग आणला, ज्यात डेटा हा यंत्रमानव स्टारफ्लीटची मालमत्ता आहे की त्याला स्वतःचा हक्क आहे यावर सुनावणी होते, आणि त्याचा मित्र रायकर यालाच त्याच्याविरुद्ध बाजू मांडावी लागते. मुलींनी २०२३ चा स्ट्रेंज न्यू वर्ल्ड्सचा भाग आणला, तोही कोर्टाचाच निघाला. जनुकं बदललेली असणं हा तिथं गुन्हा आहे, आणि एक अधिकारी तशी असून लपवून नोकरीत राहिली म्हणून तिच्यावर खटला चालतो. न ठरवता दोघांनी कोर्टच आणलं, हॉलमध्ये एकदम सगळे हसले, दोन आठवड्यांत पहिल्यांदा.

सरांची डिस्क पुरातलीच होती, एका ठिकाणी अडकली, पुसून परत लावली. दुसरा भाग संपल्यावर सर म्हणाले, "चांगला आहे. उत्तम आहे. पण चांगला आहे कारण जुन्या पद्धतीनं केलाय, एका तासात एक प्रश्न." थोरली मुलगी म्हणाली, "मग सर, नवीन लोकांना ते येतंय हे तरी मान्य करा." सर म्हणाले, "ते आत्ता केलंच की."

मग रडण्याचा विषय निघाला, पहिल्यांदाच सगळ्यांच्या समोर आणि तोंडावर. ताई म्हणाली, "सर, स्पॉक १९६६ लाच रडलाय, त्या रोगाच्या भागात, खोलीत एकटा बसून. आणि नेक्स्ट जनरेशनचा कॅप्टन पिकार्ड १९९० ला, स्पॉकचे वडील सारेक येतात त्या भागात ढसाढसा रडतो." सर म्हणाले, "एकदा रडला म्हणून तर साठ वर्षांनी तुला आठवतंय." त्यावर धाकटी, जी एरवी कमी बोलते, ती म्हणाली, "पण सर, तो रडला तेव्हा त्याला रोग झाला होता. रोग झाल्याशिवाय रडायची सोय नव्हती त्याला. आम्हाला ती गोष्ट वाईट वाटते." आणि मग ती त्या हंबरडा फोडणाऱ्या पोराबद्दल बोलली, की १९६७ च्या जुन्या मालिकेत खाणीतला राक्षस म्हणून ज्याला मारायला निघतात ती शेवटी आपली अंडी वाचवणारी आई निघते, स्पॉक तिचं दुःख स्वतःवर घेतो, ते तुम्हाला ग्रेट वाटतं, मग शंभराहून जास्त वर्षं एकट्यानं काढलेल्या पोराचं दुःख वेगळं कसं? सरांनी त्याला उत्तर दिलं, की त्या खाणीत शेवटी खाणवाले आणि ती आई यांच्यात करार होतो, दोघांनाही काही सोडावं लागतं, इथं कुणालाच काही सोडावं लागत नाही. मला दोन्ही पटलं, खरंच दोन्ही पटलं, आणि मी ते दोन्ही वहीत लिहून घेतलं.

निकाल

अंक दिवाळीनंतर १९ नोव्हेंबरला निघाला, तुळशीच्या लग्नाच्या आधी. उशिरा निघाल्यामुळं नेहमीच्या दुकानांत विकला गेला नाही, तीसेक प्रती उरल्या. पण जेवढी पत्रं आणि फोन त्या वर्षी आले तेवढे आधी कधी आले नव्हते, आणि सगळे त्या १५ पानांबद्दल. मिरजेच्या एका काकूंनी, ज्यांनी आयुष्यात ट्रेक बघितलेलं नाही, फोन करून सांगितलं की त्यांच्या घरी सासू-सून रोजची मालिका बघताना हेच भांडतात.

सगळं जुळून आलं असं मात्र नाही. धाकटी मुलगी जानेवारीपासून यायची बंद झाली. तिनं कारण दिलं परीक्षेचं, पण थोरली म्हणाली की तिला सरांचं नाही, माझं लागलंय. तिला वाटलं मी दोन्हीकडं गोड राहायला बघतो. तिचं चुकलं असं मी म्हणणार नाही. सर बैठकीला यायला लागले पण दोन-तीन महिने अंकाचा विषय निघाला की दुसरंच बोलायचे.

परत अशी वेळ आली तर

पहिली गोष्ट, ती पाठीमागची कुजबुज मला कळली होती तेव्हाच मी ती सरांपुढं, मुली असतानाच, काढायला पाहिजे होती. सरांनी जेनवेबद्दल दोन वाक्यं बोलली असती तरी निम्मं मिटलं असतं. मी मध्ये बसून दोन्हीकडचं ऐकत राहिलो आणि त्याला सांभाळून घेणं समजलो.

दुसरी, मेडिकलवाल्यांचा विषयच नको हा पर्याय मी तेव्हा भ्याडपणाचा मानला, पण त्यात निदान कुणाचं लिखाण न विचारता हातात घेतलं जात नव्हतं. माझ्या मार्गापेक्षा तो प्रामाणिक होता.

आणि ती भागावर बोट ठेवायची अट आम्ही नऊ वर्षं आधी घालायला पाहिजे होती. आता बैठकीतही ती लागू आहे. "आता पूर्वीसारखं राहिलं नाही" असं कुणी म्हटलं की कुणीतरी विचारतं, कुठल्या भागात, आणि मग बोलणं जमिनीवर येतं. यातून एक मजेशीर गोष्ट बाहेर आली. जुनी नेक्स्ट जनरेशन सगळ्यांना आता सोनं वाटते, पण १९८७ ला ती आली तेव्हा हा टकला फ्रेंच कॅप्टन कोण म्हणून नाकं मुरडलेली होतीच, आणि डीप स्पेस नाइन आली तेव्हा जहाज नाही, एका जागी उभं राहून कसलं ट्रेक म्हणून. हे माहीत सगळ्यांनाच होतं, पण वादाच्या वेळी कुणाच्या तोंडी येत नव्हतं. सरांना मात्र याचा उपयोग "बघा, कायम असंच होतं" असा केलेला आवडत नाही. ते म्हणतात तेव्हाच्या तक्रारी चुकल्या म्हणून आत्ताची चुकली हे सिद्ध होत नाही, आणि तेही बरोबर आहे.

अंकाचा नवा नियम असा केला की लेखात काना-मात्रेपलीकडं काहीही बदललं तर लेखकानं प्रत्येक पानावर सही केल्याशिवाय ते प्रेसला जात नाही. २०२४ च्या मे अखेर डिस्कव्हरी ६५ भाग होऊन संपली, तेव्हा त्या वर्षीच्या अंकासाठी त्याच्यावर मी लिहिलं आणि प्रूफ वाचायचं काम सरांनी स्वतःहून मागून घेतलं. सप्टेंबरमध्ये एका संध्याकाळी पावसात छत्री घेऊन ते माझ्या दारात उभे. पिशवीतनं माझा लेख काढला, दोन परिच्छेदांभोवती पेन्सिलीनं, पेनानं नाही, बारीक चौकट केली होती. आत या म्हटलं तर आले नाहीत, छत्री गळत होती. म्हणाले, "हे दोन मला जास्तीचे वाटतात. काढू का?" मी वाचलं. पहिला काढा म्हटलं, दुसरा राहू दे. त्यांनी खिशातनं खोडरबर काढला आणि दारातच उभं राहून दुसऱ्याभोवतीची चौकट पुसली, आणि सहीसाठी पान माझ्यापुढं धरलं.